मालवणच्या डॉल्फिनचं नाव का बदललं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तारकर्लीला बोटीतून जो डॉल्फिन पाहिलात, त्याचं शास्त्रीय नाव घरच्या जुन्या पुस्तकात सूसा चायनेन्सिस आहे आणि नव्या यादीत सूसा प्लंबिया. प्राणी तोच, समुद्र तोच, मग नाव कसं बदललं? आणि पुढे तुम्ही विचारलंय, की डीएनए तपासला की निकाल लागतो, तर मग शास्त्रज्ञ इतकी वर्षं भांडतात कशावरून?

पहिल्याचं उत्तर लगेच देता येतं. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात दिसणारा, पाठीवर वशिंड असलेला हा हंपबॅक डॉल्फिन आज सूसा प्लंबिया म्हणून नोंदवायचा. जुनं पुस्तक त्याच्या काळात चूक नव्हतं. तेव्हा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून चीन-ऑस्ट्रेलियापर्यंतचे सगळे हंपबॅक डॉल्फिन एकाच नावाखाली घालण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती, आणि त्यातलं सर्वांत जुनं नाव चायनेन्सिस असल्यामुळे मालवणचा डॉल्फिनही ‘चिनी’ ठरला होता.

दुसरा प्रश्न मात्र खरा आहे. डीएनए वाचणं आता अवघड राहिलेलं नाही. पण कोणत्या प्राण्यांचा वाचला, मधल्या किनाऱ्यावरचे किती नमुने हाती होते, आणि सापडलेल्या फरकाला ‘प्रजाती’ म्हणायचं की ‘स्थानिक समूह’, यावर मतं फुटतात. त्यातही दोन वेगळ्या कामांची गल्लत होते. एक काम म्हणजे निसर्गात किती वेगळे वंश आहेत हे शोधणं. दुसरं म्हणजे प्रत्येक वंशाला कोणतं नाव लागू होतं हे ठरवणं. पहिलं पुराव्यावर चालतं, दुसरं नियमांवर. दोन्ही हंपबॅक डॉल्फिनच्या उदाहरणानेच सांगतो, कारण त्यात आपला किनारा थेट येतो.

नावांची सुरुवात पाहू. १७६५ मध्ये ऑस्बेक या स्वीडिश निसर्गअभ्यासकाच्या नावावर चायनेन्सिस नोंदलं गेलं, ते दक्षिण चीनच्या पर्ल नदीच्या मुखाशी पाहिलेल्या पांढऱ्या डॉल्फिनवरून. १८२९ मध्ये जॉर्ज क्युव्हिएने मलबार किनाऱ्यावरून आलेल्या प्राण्याला प्लंबियस (आजचं प्लंबिया) म्हटलं, म्हणजे शिशाच्या रंगाचा. १८६६ मध्ये रिचर्ड ओवेनने विशाखापट्टणहून वॉल्टर इलियटने पाठवलेल्या सामग्रीवरून लेंटिजिनोसस (सूसासोबत लिहिताना लेंटिजिनोसा), म्हणजे ठिपकेदार, असं आणखी एक नाव दिलं. पश्चिम आफ्रिकेतल्या प्राण्याला १८९२ मध्ये ट्यूझाय हे नाव मिळालं. मग शंभर वर्षं ‘एक प्रजाती’, ‘दोन’, ‘तीन’, ‘पाच’ अशी सगळी मतं छापून आली. प्रत्येकाकडे दोन-चार कवट्या आणि काही वर्णनं असायची. त्या बळावर कोणतंही मत खोडताही येत नव्हतं आणि सिद्धही होत नव्हतं.

कोंडी फुटली ती २०१३-१४ मध्ये. पश्चिम आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पट्ट्यातले २३५ ऊतींचे नमुने आणि १८० कवट्या एकत्र तपासल्या गेल्या, आणि डीएनए व हाडं या दोन्ही बाजूंनी चार गट निघाले. अटलांटिकमधला ट्यूझाय, पश्चिम हिंदी महासागरातला प्लंबिया, आग्नेय आशिया आणि चीनकडचा चायनेन्सिस, आणि उत्तर ऑस्ट्रेलियाचा चौथा, ज्याला नावच नव्हतं. २०१४ मध्ये जेफरसन आणि रोझेनबॉम यांनी त्याचं साहुलेन्सिस असं नामकरण केलं. ऑस्ट्रेलियाचा गट वेगळा पडला याला भूगोलाचा आधारही आहे. हे डॉल्फिन उथळ पाणी सोडत नाहीत, आणि आशियाचा उथळ समुद्रतळ व ऑस्ट्रेलियाचा उथळ समुद्रतळ यांच्यामध्ये खोल समुद्र आहे.

आता ‘दोन्ही बाजूंनी’ यावर थोडं थांबतो, कारण सगळी मेख तिथे आहे. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे याच विषयावर तज्ज्ञांची कार्यशाळा झाली होती. प्रजाती मानायची तर किमान दोन स्वतंत्र प्रकारचे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवणारे हवेत, असा दंडक तिथून रूढ झाला. एका पुराव्यावर का भागत नाही?

डीएनएपासून सुरुवात करू. बहुतेक वेळा पहिल्यांदा वाचला जातो तो मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत केंद्रकाबाहेर असलेल्या ऊर्जाघरांचा डीएनए, त्यातही कंट्रोल रीजन नावाचा साधारण चारशे अक्षरांचा तुकडा. तो पेशीत भरपूर प्रतींमध्ये असतो, म्हणून सडक्या नमुन्यातूनही मिळतो. पण तो फक्त आईकडून येतो. माद्या जन्मभर एकाच खाडीच्या आसपास राहिल्या आणि नर मात्र शंभर किलोमीटर फिरून मीलन करत असले, तर मायटोकॉन्ड्रिया ‘दोन वेगळे वंश’ सांगेल आणि केंद्रकातला डीएनए ‘एकच’. उलट बाजूही आहे. डॉल्फिनच्या कुलातल्या अनेक शाखा उत्क्रांतीच्या हिशेबाने थोड्या काळात फुटल्या. त्यामुळे पूर्वजांमधले जुने प्रकार दोन्ही शाखांत उरतात, आणि खरोखर वेगळ्या प्रजाती एका जनुकात मिसळलेल्या दिसतात. म्हणून केंद्रकाच्या डीएनएतल्या हजारो जागा तपासल्याशिवाय आज कोणी गंभीर दावा करत नाही, करू नये.

आकड्यांचे उंबरठे आहेत. कंट्रोल रीजनमधला दोन गटांचा निव्वळ फरक (गटांच्या आतला फरक वजा करून उरणारं वेगळ्या अक्षरांचं प्रमाण) साधारण ०.००४ च्या खाली असेल तर समूहांतला फरक, ०.००४ ते ०.०२ असेल तर उपप्रजातीचा विचार, ०.०२ च्या वर असेल तर प्रजातीचा. पण ही खूणगाठ आहे, निकाल नव्हे. कुठलीही अक्षरमाला पाहून ‘ही कोणत्या गटातली’ हे जवळजवळ न चुकता सांगता येतं का, ही कसोटी सोबत लागतेच.

आता हाडं. कवटी मोजण्याचं काम बाहेरून सोपं वाटतं. मुस्कटाच्या टोकापासून मागच्या कॉन्डाइलपर्यंत (मानेच्या मणक्याला जुळणारा उंचवटा) एकूण लांबी, मुस्कटाची लांबी, त्याची बुडाशी रुंदी, गालफडाच्या कमानींमधली रुंदी, असं करत वीस-तीस मापं घ्यायची. चुका कुठे होतात ते सांगतो. एक, वय. डॉल्फिनचं मुस्कट वाढीबरोबर लांबतं, त्यामुळे पिल्लाची कवटी प्रौढांच्या रांगेत बसवली की नकली ‘आखूड चोचीचा प्रकार’ तयार होतो. म्हणून आधी वरच्या जबड्याची दोन हाडं, मॅक्सिला आणि प्रीमॅक्सिला, पुढच्या भागात एकमेकांना सांधली गेली आहेत का ते पाहायचं. सांधा मोकळा असेल तर ती कवटी प्रौढांच्या विश्लेषणातून बाहेर. दोन, दात. किनाऱ्यावर सापडलेल्या कवटीतले दात गळालेले असतात, म्हणून दात नव्हे, दातांच्या खोबणी मोजतात. टोकाकडच्या खोबणी बारीक असतात आणि मुस्कटाचं टोक तुटलेलं असलं की दोन-तीन सहज कमी भरतात. ट्यूझायमध्ये वरच्या जबड्याच्या एका बाजूला साधारण २७ ते ३२ दात असतात आणि बाकीच्यांचे त्याहून थोडे जास्त, पण एकमेकांत मिसळणारे. अशा वेळी दोन खोबणींची चूक म्हणजे चुकीचं नाव. तीन, मोजणारा माणूस. दोन प्रयोगशाळांनी घेतलेली मापं एका तक्त्यात टाकण्याआधी तीच दहा-पंधरा कवट्या दोघांनी मोजून फरक तपासलेला नसेल, तर तो तक्ता प्राण्यांमधला नव्हे, मोजणाऱ्यांमधला फरक दाखवतो.

बाह्य रूप सर्वांत फसवं. प्लंबियाची ओळख म्हणजे पृष्ठपराखालचं (पाठीवरच्या पराखालचं) वशिंड, त्यावर छोटा पर, आणि करडा रंग. चायनेन्सिसच्या मोठ्या प्राण्यांत वशिंड जवळजवळ नसतं, पराचं बूड रुंद असतं, आणि वयाबरोबर रंग जाऊन ते गुलाबी-पांढरे होतात. पण प्लंबियाचं वशिंडही वयाबरोबर, आणि नरांत जास्त, वाढतं. मालवणला वशिंड नसलेलं पिल्लू दिसलं म्हणून तो चीनचा पाहुणा ठरत नाही. मेलेल्या प्राण्याची कातडी उन्हात काळी पडते, ठिपके मिटतात. त्यामुळे किनाऱ्यावरच्या कलेवराच्या रंगावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. (पृष्ठपरच नसलेलं गोल तोंडाचं काळं जनावर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर वाहून येतं आणि बातमीत ‘डॉल्फिन’ म्हणून छापलं जातं. तो फिनलेस पॉरपॉइज असतो. पॉरपॉइजचं कुलच निराळं, आणि त्याचे दात सुळ्यांसारखे नसून फावड्याच्या पात्यासारखे चपटे असतात.)

या सगळ्याहून मोठी अडचण मात्र नमुन्यांमधल्या रिकाम्या जागांची आहे. आपल्याकडे म्हणतात, बारा कोसांवर भाषा बदलते. कोणी फक्त वऱ्हाडातलं आणि कारवारचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, तर मध्ये कुठेतरी स्वच्छ भिंत आहे असंच वाटेल. गावोगाव थांबत गेलं, तर काही ठिकाणी भिंत सापडेल आणि काही ठिकाणी नुसता उतार. किनाऱ्यालगत राहणाऱ्या डॉल्फिनचं तसंच आहे. दोन टोकांचे नमुने घेतले की गट दोनच पडतात, कारण मधले कोणी विचारलेच नाहीत. प्लंबिया आणि चायनेन्सिस यांच्यातली रेघ नेमकी भारताच्या पूर्व बाजूला, बंगालच्या उपसागरात कुठेतरी पडते, आणि तिथलेच नमुने सर्वांत कमी आहेत. २०१७ मध्ये बांगलादेशच्या किनाऱ्यावरच्या हंपबॅक डॉल्फिनचा डीएनए प्रसिद्ध झाला, तो दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा वेगळा निघाला. म्हणजे रेघ ओढायला गेलेल्यांना तिथे कदाचित तिसरंच कोणी राहत असल्याची चाहूल लागली. माझं मत विचाराल तर पूर्व किनाऱ्यावरच्या प्राण्याला आज छातीठोकपणे प्लंबिया किंवा चायनेन्सिस म्हणणं घाईचं आहे. नोंदीत ‘सूसा, प्रजाती अनिश्चित’ आणि नेमकं ठिकाण लिहावं. पश्चिम किनाऱ्याबाबत तशी अडचण नाही, कारण प्लंबिया या नावाचं मूळ ठिकाणच मलबार आहे.

इथून नावांच्या नियमांकडे वळता येतं. समजा उद्या पुरेशा पुराव्याने बंगालच्या उपसागरातला गट स्वतंत्र प्रजाती ठरला. शोधणाऱ्याला हवं ते नवं नाव देता येईल का? नाही. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार, त्या गटातल्या प्राण्याला आधी नियमानुसार नाव दिलेलं असेल तर सर्वांत जुनं नाव उठून उभं राहतं. ओवेनचं १८६६ चं लेंटिजिनोसा तिथे वाट पाहत बसलेलं आहे. पण आधी हे सिद्ध करावं लागेल, की विशाखापट्टणचा तो मूळ प्राणी या नव्या गटातलाच होता. म्हणून शे-दीडशे वर्षं जुन्या कवटीतून किंवा दातातून चिमूटभर भुकटी काढून तिचा डीएनए वाचण्याला इतकं महत्त्व येतं.

हे बॉटलनोज डॉल्फिनमध्ये प्रत्यक्ष झालेलं आहे. टर्सिऑप्स अडंकस हे नाव एरेनबर्गने तांबड्या समुद्रातल्या प्राण्यावरून १८३० च्या दशकात दिलं. पुढे हिंदी महासागरात किनाऱ्यालगत राहणाऱ्या, लहान चणीच्या, प्रौढपणी पोटावर ठिपके येणाऱ्या बॉटलनोजला सगळे अडंकस म्हणू लागले. पण मूळ नमुना पूर्ण वाढलेला नव्हता, त्यामुळे तो खरंच त्याच प्रकारचा आहे का, ही शंका होती. तसा नसता तर साऱ्या जगाला नाव बदलावं लागलं असतं. २००७ मध्ये त्याच नमुन्याचा डीएनए आणि कवटी तपासली आणि नाव टिकलं. असं नमुन्याकडे परत जाणं मला नव्या प्रजातीच्या घोषणेपेक्षा मोलाचं वाटतं.

तुम्ही विचारलंत, की संशोधन पुढे जाईल तशा प्रजाती वाढतच जातात का. तसं नाही, कमीही होतात. कॉमन डॉल्फिनचं उदाहरण पाहा. १९९४ मध्ये, मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या समुद्रातल्या प्राण्यांवरून, आखूड चोचीचा डेल्फिनस डेल्फिस आणि लांब चोचीचा कॅपेन्सिस अशा दोन प्रजाती केल्या गेल्या. तिथे दोन्ही शेजारी राहूनही वेगळे होते, त्यामुळे निर्णय पटण्यासारखा होता. मग तीच पाटी जगभरच्या लांब चोचीच्या प्राण्यांना लावली गेली. २०१५ मध्ये वेगवेगळ्या समुद्रांतला डीएनए ताडून पाहिला, तेव्हा लांब चोचवाले सगळे एका वंशाचे नाहीत असं दिसलं. किनाऱ्याजवळच्या जगण्यात चोच निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे लांबली होती. कॅपेन्सिस हे प्रजातीचं नाव यादीतून गेलं. आपल्या अरबी समुद्रातला अतिलांब चोचीचा कॉमन डॉल्फिन आता डेल्फिनस डेल्फिसची ट्रॉपिकॅलिस ही उपप्रजाती म्हणून नोंदवतात.

गंगा आणि सिंधू नद्यांतल्या डॉल्फिनची कथा उलटी. १९७१ मध्ये त्यांना दोन प्रजाती म्हटलं गेलं, पण पुरावा इतरांना पुरेसा वाटला नाही. पुढची अनेक वर्षं एक प्रजाती आणि दोन उपप्रजाती अशी मांडणी चालली. २०२१ मध्ये कवट्यांचा आणि डीएनएचा मोठा अभ्यास झाल्यावर ते पुन्हा दोन झाले: प्लॅटॅनिस्टा गँजेटिका आणि प्लॅटॅनिस्टा मायनर. मायटोकॉन्ड्रियाचा एकही प्रकार दोघांत सामाईक नाही. सिंधूच्या डॉल्फिनला दात जास्त, वरच्या जबड्यात सरासरी ३३ च्या आसपास, तर गंगेच्या डॉल्फिनला २८ च्या आसपास. कवटीच्या माथ्यावरच्या हाडांच्या सांध्याचा आकारही निराळा. त्यामुळे पंजाबात बियास नदीत उरलेले मोजके डॉल्फिन हे भारतातले मायनर प्रजातीचे एकमेव प्रतिनिधी ठरतात.

जिथे एकमत नाही अशीही प्रकरणं आहेत. आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या बुरुनन डॉल्फिनला २०११ मध्ये टर्सिऑप्स ऑस्ट्रेलिस म्हणून प्रजातीचा दर्जा देण्याचा प्रस्ताव आला, पण कवटीच्या मापांवर इतरांनी हरकत घेतली. ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, हासुद्धा डॉल्फिनच्याच कुलातला. उत्तर प्रशांतमधले मासे खाणारे आणि सस्तन प्राणी मारणारे ऑर्का एकाच पाण्यात राहूनही मिसळत नाहीत. २०२४ मध्ये त्यांना दोन प्रजाती म्हणावं असा प्रस्ताव आला. समुद्री सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांची सोसायटी दरवर्षी जी मान्य यादी काढते, तिच्या समितीने त्यांना तूर्त उपप्रजाती म्हणून घेतलं, कारण जगातल्या बाकीच्या ऑर्कांशी त्यांचं नातं अजून पुरेसं तपासलेलं नाही. पुन्हा तीच रिकामी जागा.

‘दोन प्राण्यांचं पिल्लू झालं तर प्रजाती एकच’ हा शाळेतला नियम इथे लावू नका. १९८५ मध्ये हवाईच्या मत्स्यालयात फॉल्स किलर व्हेल आणि बॉटलनोज यांच्यापासून मादी जन्मली आणि पुढे तिलाही पिल्लं झाली. त्या दोघांना एक प्रजाती मानायला कोणीही तयार होणार नाही. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे अटलांटिकमधला क्लायमेन डॉल्फिन. तो स्पिनर आणि स्ट्राइप्ड या दोन प्रजातींच्या संकरातून उभा राहिल्याचा पुरावा २०१४ मध्ये आला. डॉल्फिनमध्ये प्रश्न ‘पिल्लू होऊ शकतं का’ असा नसतो, ‘समुद्रात मोकळे असताना दोन वंश आपापल्या वाटेने चालले आहेत का’ असा असतो.

आणि या नावांनी फरक काय पडतो? खूप पडतो. सगळे एकाच चायनेन्सिसमध्ये होते तेव्हा, २००८ मध्ये, त्या मोठ्या गठ्ठ्याला धोक्याच्या जागतिक यादीत ‘संकटाच्या जवळ’ इतकाच दर्जा होता. वेगळे केल्यावर प्लंबिया ‘संकटग्रस्त’ आणि ट्यूझाय ‘अतिसंकटग्रस्त’ निघाले. मालवणच्या जाळ्यांत अडकणाऱ्या डॉल्फिनची घट चीनच्या आकड्यांत लपून जात होती, ती आता लपत नाही.

शेवटी तुमच्या उपयोगाचं. बोटीतून फोटो काढताना पूर्ण बाजूचा फोटो घ्या, वशिंड आणि पर एकाच चौकटीत, सूर्य पाठीमागे ठेवून. शेपटीचे फोटो सुंदर येतात, ओळखीला मात्र फारसे उपयोगी नाहीत. तारीख, वेळ, मोबाइलमधलं नेमकं ठिकाण, कळपात किती, पिल्लं किती, एवढं लगेच लिहा. मेलेला प्राणी दिसला तर आधी वन विभागाला कळवा. हे प्राणी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, तुकडा काय, दातही परवानगीशिवाय उचलता येत नाही. माणसं येईपर्यंत डोक्याचा बाजूने, उघड्या जबड्याचा, पृष्ठपराचा आणि पोटाखालच्या चिरेचा (त्यावरून नर-मादी कळते) असे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या. लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, शरीराच्या वळणावरून न नेता सरळ रेषेत मोजायची.

अधिकृत पथकात मदतीला असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: डीएनएसाठीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नाही. फॉर्मॅलिन रचना टिकवतं आणि डीएनएची वाट लावतं. उन्हाने न करपलेल्या जागेची, एक सेंटिमीटरहून जाड नसलेली कातडी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायची, अल्कोहोल नमुन्याच्या निदान दहापट हवं, आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहून आत टाकायची, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. प्राणी पुरण्याआधी डोकं वेगळं ठेवून कवटी एखाद्या संग्रहालयाला देण्याची परवानगी वन विभागाकडून मिळते का, तेही विचारा. रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून कन्याकुमारीला वळसा घालून विशाखापट्टणपर्यंत अशा नीट नोंदवलेल्या कवट्या आणि कातडीचे तुकडे जमले, तर बंगालच्या उपसागरातली ती रेघ कुठे आहे हे ठरवता येईल.